निळ्या ट्रकची डावी बाजू

१

पप्पू पेंटरनं ट्रकच्या डाव्या अंगावर पॉलिशपेपर टेकवून एकदाच ओढला आणि निळा रंग दुधावरच्या सायीसारखा गोळा होऊन त्याच्या बोटांवर आला.

"आयला! ह्ये काय आक्रीत म्हणायचं?"

सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पप्पूची शेड होती. गाड्यांचे ओरखडे घासायचे, लांबीची पुटी भरून बुजवायचे आणि वरून रंग चढवायचा, यात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. वाळलेला रंग घासला की भुकटी होऊन उडतो, हे तो झोपेतही सांगेल. हा रंग वरून तेवढा कोरडा होता, आत ओलाच. पप्पूनं थिनरची चिंधी घेतली आणि एक पट्टा पुसून काढला. खाली एकाखाली एक तीन लांब ओरखडे निघाले, ताजे आणि थेट पत्र्यापर्यंत गेलेले. कुणीतरी ते लपवले होते.

शेडच्या दुसऱ्या टोकाला रूपाली मगदूम एका चेपलेल्या मोटारीचं बॉनेट तपासत होती. विमा कंपन्यांसाठी गाड्यांची पाहणी करणं हा तिचा धंदा. लपवलेला ओरखडा म्हटलं की तिचे कान आपोआप टवकारायचे. ती हातातलं काम टाकून ट्रककडे आली.

ट्रकपाशी दोन म्हातारे उभे होते. पटका बांधलेला, सडपातळ, तो मालक गुंडा यादव. कडेगावच्या बाजूचा. जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या हाकून म्हातारपणी त्यानं हा जुना ट्रक स्वतःच्या नावावर केला होता. आता पासिंग आलं, म्हणून रंगाला आणलेला. दुसरा ताठ पाठीचा, पांढऱ्या मिशांचा, तो त्याचा बालमित्र, निवृत्त सुभेदार उदयसिंह थोरात. त्यांच्या गाडीची पाहणी रूपालीनं मागं एकदा केली होती, त्यामुळे ओळख होती. दोघं मित्र आले होते ते गप्पा हाणत. आता मात्र दोघं एकमेकांपासून चार पावलं सरकून उभे होते.

"काय झालं सुभेदारसाहेब?" रूपालीनं विचारलं.

उदयसिंहांनी ओरखड्यांवरची नजर काढली नाही. "गेल्या आठवड्यात आमच्या लेकीला, स्वप्नालीला, कुणीतरी पाडलं. नर्स आहे ती, दिवेलागणीला स्कूटरवरून घरी येत होती. मनगट मोडलं. पाडणारा थांबलासुद्धा नाही." "मोठी, निळी गाडी होती म्हणाली. आमच्या त्या रस्त्याला निळा ट्रक एकच आहे. लोक पहिल्या दिवसापासून बोलतायत. मी म्हणत होतो, गुंडा? इम्पॉसिबल. ट्रकला ओरखडासुद्धा नाही, जाऊन बघा."

आणि आता ओरखडे समोर होते, एक सोडून तीन.

गुंडानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला. "रंग मीच लावला," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला इचारू नका. मीच."

२

उदयसिंह शेडबाहेर जाऊन उभे राहिले. रूपाली त्यांच्यामागं गेली.

"मॅडम, मी आत्ता चौकीवर जाऊ शकतो," ते म्हणाले. "पण हा माणूस मी सरहद्दीवर असताना माझ्या आईला खांद्यावर घालून दवाखान्यात नेणारा आहे. तुम्ही नीट बघा. काय असेल ते मला सांगा. चूक असेल तर चूक, पण खात्रीनं सांगा."

रूपालीनं मान डोलावली. खरं तर तिला त्या दिवशी लवकर घरी जायचं होतं. दिवस मावळायच्या आत जेवायची घरची शिस्त, आणि सासूबाईंनी आमटी केली होती. पण त्या ताठ माणसाचा आवाज इतका हलला होता की आमटीचा विचार तिला पुढं रेटवेना.

ती ट्रकला जाऊन भिडली. रंगाच्या न पुसलेल्या भागावर बारीक बारीक खड्डे पडले होते, मुगाच्या दाण्याएवढे. तिनं नखानं टोकरून वास घेतला. रंगाच्या आड दुसराच वास होता, घरातला, फोडणीचा.

"पप्पूशेठ, हे तेल आहे."

"करडईचं," पप्पू म्हणाला. "तेलावर रंग कवा बसायचा? म्हणून डोळं पडल्यात त्याला. आन् ह्ये बगा, खाली अस्तर न्हाई. ओरखड्याची कड बी कागदानं घासल्याली न्हाई. कायतरी धारदार घिऊन, एकाच दिशेनं साळलंय."

"तुम्हीच नाही ना केलंत, कुणाच्या सांगण्यावरून?"

पप्पूनं असं काही बघितलं की विचारलं त्याचीच तिला लाज वाटली. "मॅडम, माज्या हातचा रंग नखानं निगंल?"

मग तिनं गुंडाला गाठलं. तो ट्रकच्या सावलीत उकिडवा बसला होता.

"काका, रंग तुम्ही लावलात तर आधी काय केलंत?"

"काय करायचं? थिनरनं पुसलं, कागद मारला, अस्तर दिलं, वाळू दिलं. मंग रंग." त्यानं धडाधडा सांगितलं. बरोबर सांगितलं. जन्म ट्रकात गेलेला माणूस तो, याहून वेगळं काय सांगणार? आणि म्हणूनच रूपालीची खात्री पटली की या माणसानं ब्रशाला हातही लावलेला नाही. तेलाचा त्याला पत्ताच नव्हता.

आजवर तिनं ओरखडे नाकारणारे शेकड्यानं पाहिले होते. न केलेली लबाडी अंगावर ओढून घेणारा हा पहिलाच. आणि असं माणूस दोनच कारणांनी करतं, एक तर कुणाला वाचवायला, नाहीतर स्वतःला शिक्षा करून घ्यायला.

"काका, तुम्ही त्या दिवशी त्या रस्त्यानं आला होतात?"

"व्हय. दिवस बुडताना." गुंडानं उदयसिंह ऐकत नाहीत ना, ते मान पुरती वळवून बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, तुमास्नी गाडी बगून सम्दं कळतं म्हणत्यात. मला येवडंच सांगा. माज्या हातनं झालं का?"

गुन्हा कबूल करून मोकळा झालेला माणूस तिलाच विचारत होता, मी तो केला का?

३

पप्पूला रंग थांबवायला सांगून, ओरखड्यांपाशी उभं राहून रूपालीनं उंची अंगावर मोजून घेतली. सगळ्यात खालचा ओरखडासुद्धा तिच्या कानाच्या पाळीशी येत होता. खाली कमरेच्या टापूत हौद्यावर जुना, दगडासारखा वाळलेला चिखल होता. त्याला कुणाचा धक्का लागलेला दिसत नव्हता. हे मनात ठेवून ती उदयसिंहांच्या मोटारीत बसली. गुंडा मागच्या सीटवर.

स्वप्नाली थोरात अंगणात खाटेवर बसली होती, हात प्लास्टरमध्ये. गुंडाला बघून ती उठायला लागली. "काका, या की. परवा नारळपाणी ठेवून न भेटताच गेलात." गुंडा फाटकापाशीच थांबला. आत काही आला नाही. उदयसिंह त्याच्याजवळही गेले नाहीत आणि त्याला सोडून आतही गेले नाहीत.

रूपालीनं आधी स्कूटर मागितली. उजव्या हँडलचा ब्रेक पार बाहेरच्या बाजूला वळला होता. त्याच हँडलवरचा आरसा मात्र शाबूत, काचेला तडासुद्धा नाही. निळ्या रंगाचा कुठं मागमूस नव्हता. ब्रेकच्या सांध्यात उसाचं सालपट पिळून अडकलं होतं. तिनं ते काढून नुसतं बघितलं आणि परत तिथंच ठेवलं.

"स्वप्नाली, गाडी निळी होती हे तुला नक्की दिसलं?"

"निळं दिसलं एवढं नक्की. कडेनं गेलं, आणि हँडल कुणीतरी हिसकल्यासारखं झालं. मग मी खाली."

"धडक बसली की हिसका?"

स्वप्नालीनं विचार केला. "हिसका. पुढं ओढल्यासारखा. आणि गंमत म्हणजे, ते एकदा गेलं, मग परत एकदा गेलं. म्हणजे एक गेलं आणि त्याच्यामागं दुसरं. मला भोवळ आली होती म्हणून तसं वाटलं असणार."

"आणि ऐकू काय आलं?"

"हे कुणी विचारलंच नाही बघा मला. गाणं वाजत होतं. मोठ्यांदा, छातीत धडधडेल असं. कुठंतरी वरात असेल म्हटलं."

"त्या दिवशी वरात होती गावात?"

"ताई, अमावास्या होती. वरात कुठली?" स्वप्नाली बोलून गेली आणि तिचं तिलाच नवल वाटलं.

रूपालीनं फाटकाकडे बघून मोठ्यानं विचारलं, "काका, तुमच्या ट्रकात गाणी वाजतात?"

"टेपच न्हाई त्यात," गुंडा म्हणाला. "काडून टाकलाय. इंजिनाचा आवाज ऐकू येत न्हाई मंग."

रूपालीला अर्धं कोडं सुटल्यासारखं झालं. पण उरलेलं अर्धं जास्त अवघड होतं. स्वप्नालीला या ट्रकानं पाडलं नव्हतं, तर ट्रक घासला कुठं? आणि ते लपवण्यासाठी करडईच्या तेलाची बुदली घेऊन कोण बसलं होतं?

४

गुंडाची वस्ती उसाच्या कडेला होती. रस्त्यावरून डावीकडं वळलं की दोन दगडी खांब, मध्ये बांबूची कवाडी, आत मोठं अंगण. डाव्या खांबाला वरपासून खालपर्यंत एक जुनी वाकळ गुंडाळून सुतळीनं आवळली होती. उजवा खांब उघडा.

बनुबाई, गुंडाची बायको, लगबगीनं बाहेर आली. ठेंगणी, हसऱ्या तोंडाची, हातात काकणं खळखळणारी. पाहुणी बघून आनंदली, आणि पाहुणी कोण हे कळल्यावर तेवढीच कोमेजली.

"खांबाला वाकळ कशाला गं मावशी? थंडी वाजते त्याला?"

"बैलं अंग घासत्यात बाई. कातडं सोलवटतंय." बनुबाई घाईनं म्हणाली आणि चहा ठेवायला आत पळाली.

रूपाली वाकळीपाशी रेंगाळली. बैल अंग घासतो तिथं केस चिकटतात. या वाकळीवर एक केस नव्हता. तिनं काठ उचलून आत हात घातला. कवाडी अडकवायचा तीन टोकांचा लोखंडी आकडा बाहेर डोकावत होता, सगळ्यात खालचं टोक बरोबर तिच्या कानाच्या पाळीशी, आणि तिन्ही टोकांना निळा रंग लागला होता.

आता घासणारा कोण? अंगणात सून पूजा कडबा रचत होती. नवरा जयराज सैन्यात, ती इथं. गुंडाला ती मामा म्हणायची, बनुबाईला आत्या. ट्रक चालवायचा परवाना तिनं वर्षाखाली काढला होता आणि मोकळ्या रानात ती हात साफ करून घेत होती. रूपालीनं आडपडदा न ठेवता विचारलं.

"मी घासला?" पूजा हसली. "मी घासला असता तर साऱ्या गावाला कळलं असतं ताई. मागं एकदा हौद्याचा मागला फाळका जरासा लागला तर मामांनी फोटू काडून ह्यांना काश्मीरला धाडला. खाली लिवलं, तुजी बायको पास झाली, फाळका नापास."

गोठ्यात खिलारी बैलांची जोडी रवंथ करत होती. शिंगांना बेंदराच्या सणाचा रंग अजून होता, उन्हानं विटलेला, पण निळा. तोच निळा.

"हा ट्रकचा रंग की काय?"

"मग? बेंदराला आत्या म्हणल्या, ट्रकाचा उरलेला डबा हाय, तोच लावू. घरातली समदी एका रंगाची दिसू देत." पूजानं बैलाच्या कपाळावर हात फिरवला. "शिंगांना त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाईत. काचंनं साळायचं, तेलाचा हात द्यायचा, मग रंग. त्यांच्या आईची रीत."

तेवढ्यात बनुबाई चहा घेऊन आली. रूपालीला कप दिला. गुंडा ओसरीवर टेकला होता. त्याच्या समोरची जागा मोकळी असताना ती वळसा घालून गेली आणि कप त्याच्या उजव्या हाताशी ठेवला, आणि मग स्वतः त्याच्या डाव्या बाजूला, अगदी खेटून बसली.

रूपालीनं चहा तसाच हातात धरला. तिला सगळं समजलं होतं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं असं पहिल्यांदाच वाटत होतं. बनुबाई रिकामा कप घेऊन आत वळली तशी ती मागोमाग चुलीपाशी गेली.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "शिंग तेल पितं. पत्रा पीत नाही."

५

बनुबाईच्या हातातली बशी निसटली, पण फुटली नाही. ती खाली बसली आणि तोंडाला पदर लावला.

"कुणाला म्हाईत न्हाई बाई."

"मला पण नव्हतं. तुम्ही ट्रकाची शिंगं रंगवलीत, तिथं कळलं."

रडता रडता बनुबाईला हसू फुटलं, आणि हसता हसता ती जास्तच रडायला लागली. मग तिनं सांगितलं. गुंडाचा डावा डोळा गेला होता. एकदम नाही, हळूहळू. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहायला लागली, तेव्हा तिच्या ध्यानात आलं. मग दाराची चौकट खांद्याला लागायला लागली. तिनं भाजी उजवीकडं वाढायला सुरुवात केली. चालताना ती डावीकडून चालायला लागली, वाटेतला दगड दिसला की काहीतरी निमित्त काढून हात धरायची.

"त्यांना विचारलं नाही?"

"कसं इचारू? जल्मभर दुसऱ्याचं स्टेरिंग धरलं. आता कुटं सोताचं आलंय. डोळा गेला म्हणलं की पोरगं गाडी इकायला लावंल. आन् त्यास्नी ठावं न्हाई बाई! त्यास्नी वाटतंय, समद्यास्नी येवडंच दिसतंय. मी बोलले की त्यांचा डोळा जाणार. न बोलता हाय तवर हाय."

त्या दिवशी ट्रक आत घेताना आकडा घासला. इंजिनाच्या आवाजात गुंडाला कळलंच नाही. दुसऱ्या दिवशी तो बाजाराला गेल्यावर तिनं काचेचा तुकडा घेतला, बेंदराचा उरलेला डबा घेतला आणि तिला येत होतं तसं केलं. खांबाला वाकळ बांधली, पुन्हा लागलं तर मऊ लागावं म्हणून. सुभेदाराच्या लेकीचं गावात लोक कुजबुजायला लागले तेव्हा ती घाबरली. पण तिला वाटलं, रंग बसलाय, दिसत नाही, निभावून जाईल.

"मावशी, आज तुमच्या नवऱ्यानं सुभेदारांसमोर सांगितलं की रंग मीच लावला."

बनुबाईचा पदर तोंडावरून खाली आला. "त्यांनी? पर त्यास्नी ओरखडं दिसलंच न्हवतं..." ती बोलता बोलता थांबली. कुपवाडला काय घडलं असेल ते तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं असणार. "म्हंजी त्यास्नी वाटतंय का, ती पोरगी त्यांनीच..."

"हो."

"आन् आमी लपिवलं म्हणून?"

"हो, मावशी."

बनुबाई उठली. पदर खोचला आणि तडक बाहेर निघाली. रूपालीनं तिला थांबवलं.

"डोळ्याचं मी सांगणार नाही. ते तुमचं. मी फक्त ट्रकाचं बोलते."

६

उदयसिंह अंगणात उभेच होते, बसा म्हणूनही न बसता. गुंडा ओसरीवर, पूजा गोठ्याच्या दारात. रूपालीनं खांबाची सुतळी सोडली. वाकळ खाली पडली.

"सुभेदारसाहेब, ट्रकचे ओरखडे इथले आहेत. हा आकडा, हा त्याला लागलेला रंग. उंची माझ्या कानाशी. स्वप्नालीच्या स्कूटरचा आरसासुद्धा माझ्या खांद्याच्या खाली राहतो. त्या ओरखड्यांच्या उंचीवर स्कूटर नसते, बसलेल्या माणसाचं डोकं असतं. तिथं ट्रक घासला असता तर मनगटावर भागलं नसतं. आणि कमरेच्या उंचीला ट्रकवर जुना चिखल जसाच्या तसा आहे."

"मग माझ्या मुलीला पाडलं कुणी?"

"तिला धडक बसलीच नाही. ब्रेक बाहेर ओढला गेलाय आणि त्यात उसाचं सालपट अडकलंय. म्हणजे भरलेल्या गाडीतून बाहेर आलेल्या उसानं हँडल हिसकलं. ती म्हणते, एक गेलं आणि पाठोपाठ दुसरं गेलं. ट्रक दोनदा कसा जाईल? दोन ट्रॉल्या जातात. आणि या दिवसांत छातीत धडधडेल अशी गाणी लावून संध्याकाळी रस्त्यानं कोण जातं, ते मला सांगलीहून येऊन तुम्हाला सांगायला नको."

"ट्रॅक्टर!" पूजा ओरडली. "निळा ट्रॅक्टर!"

"पुढं निळा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. पाडलं हे त्याला कदाचित कळलंही नसेल. मागं वळून बघेपर्यंत गाण्यातून मान वर येत नाही त्यांची. कारखान्याच्या वाटेवर चौकशी केलीत तर सापडेल."

उदयसिंहांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं सगळ्यांना दिसलं. पण फौजी माणूस, एक दोरा लोंबत राहिलेला त्यांना चालेना. "मग गुंडा, तू रंग मी लावला म्हणून का सांगितलंस?"

बनुबाईनं तोंड उघडलं. "मी सांगते. मीच..."

"तू गप बस, बने," गुंडा म्हणाला, पण इतक्या मऊपणानं की ती खरंच गप्प झाली. "उदा, मला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई. लय दिस झालं."

बनुबाईनं त्याच्याकडं वळून बघितलं. "तुमास्नी ठावं हाय?"

"आगं, डोळा माजा. मला ठावं नसंल?"

"मंग बोलला का न्हाई?"

"तू डावीकडनं चालत हुतीस. मला वाटलं, हिला आवडतंय." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "तुला कळलं हाय ह्ये मला कळलं हुतं. म्हणलं, बोललो तर तू रातभर जागी ऱ्हाशील. म्हणून आपलं गप."

इतके दिवस एकाच घरात, एकाच डोळ्याचं दुखणं दोघांनी एकमेकांपासून जपून ठेवलं होतं. रूपालीनं नजर बैलांकडं वळवली. माणसं लबाडी का करतात याची तिच्या धंद्यात ठरलेली उत्तरं होती, आणि त्यातलं एकही इथं लागू पडत नव्हतं. तिला बनुबाईला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तो अधिकार आत्ता दुसऱ्या कुणाचा होता.

"आज पप्पूनं रंग पुसला," गुंडा सांगत होता, "आन् मला ते ओरखडं दिसलं. मी म्हणलं, संपलं. त्या वाटंनं मी आलो हुतो, पैल्या दिसापासनं मनात भ्या हुतंच. डावीकडं कायबी असू दे, मला कुटं दिसतंय? पोरगी आडवी पडली आन् मी तसाच पुढं आलो. घरातल्यांनी बगितलं आन् मला वाचवाया रंग फासला. बायकांच्या अंगावर कसं येऊ द्यायचं?"

त्यानं बंडीच्या खिशातून ट्रकची किल्ली काढली. क्षणभर ती मुठीत धरली. मग पूजाकडं हात लांब केला.

"मामा, अवो, तुमच्या हातनं झालं न्हाई ते!" पूजा मागं सरली. "आत्ता ताईंनी सांगिटलं की."

"ह्या वक्ताला न्हाई झालं पोरी." गुंडानं किल्ली तिच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटवली. "मला मातुर आठ दिस खरंच वाटत हुतं, आन् न्हाई म्हणाया माज्याकडं कायबी न्हवतं. तसलं पुन्यांदा न्हाई जमायचं मला."

बनुबाईनं फक्त मान हलवली, आणि डोळे पुसून ती पाहुण्यांना जेवायलाच थांबवायचं म्हणून आत गेली. दिवस अजून वर होता. रूपालीनं नको म्हटलं नाही.

उदयसिंह ओसरीवर गुंडाशेजारी, त्याच्या डावीकडं, येऊन बसले.

"गुंडा," ते म्हणाले, "ते ओरखडे दिसले तेव्हा मी तुझ्याकडं बघितलं. तू पाडलंस आणि पळालास, असं वाटलं मला. थोडा वेळ का होईना, पण वाटलं. एवढ्या वर्षांनी मी तुझ्याबद्दल असं... माफ करशील का मला?"

गुंडानं चाचपत हात पुढं केला आणि मित्राच्या गुडघ्यावर ठेवला.

"तुजं काय घिऊन बसलास उदा," तो म्हणाला. "माजं मलाच वाटलं हुतं."